ताटाचा फोटो आणि पाकिटाची मागची बाजू

माझ्या जुन्या फोनमध्ये जेवणाच्या ताटांचे दोनशे अकरा फोटो आहेत. एकाही फोटोत माणूस नाही. भात, आमटी, भाकरी, कालवण, सगळं वरून काढलेलं, आणि प्रत्येक ताटाखाली एक आकडा. मुलगी म्हणते, "बाबा, पुसून टाका ना ते." मी पुसलेले नाहीत. आपण मरणाच्या दिशेने जात असताना रोज काय जेवत होतो, याचा इतका चोख पुरावा फार थोड्या लोकांकडे असेल.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं काढली. घर शेजारीच, कुंभवलीत. बायको प्रमिला सातपाटीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. मुलगी श्वेता पालघरला कॉलेजात जाते. हे मी कुणी कीव करावी म्हणून लिहीत नाही. मी हे रागाने लिहितो आहे, आणि त्यातला बराच राग माझ्या स्वतःवरचा आहे. तरीही नुकताच कुणाच्या हातात तसला रिपोर्ट पडला असेल, तर माझा मूर्खपणा त्याच्या उपयोगी पडावा.

रिपोर्टचा दिवस

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते. रक्त द्यायचं, वजन द्यायचं, सही करायची आणि विसरून जायचं. त्या वर्षी मला मात्र परत बोलावलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते ज्यावरून कळतं, ते वाढलेलं होतं. लॅबमधल्या माणसाची खोड अशी की भलता आकडा आला की तो आधी सॅम्पलवर संशय घेतो. मी म्हटलं, रक्ताची नळी दुसऱ्या कुणाशी बदलली असेल. बोईसरला स्वतःच्या खर्चाने पुन्हा रक्त दिलं. या वेळी आकडा आणखी थोडा वरच आला.

किडनीचे डॉक्टर बोईसरला आठवड्यातून एकदाच येत. शिफ्ट अर्धी सोडून मी एकटाच गेलो. बाहेर इतके लोक बसले होते की माझ्या वाट्याला पाच मिनिटंही आली नाहीत. डॉक्टर वाईट नव्हते. दमलेले होते. म्हणाले, "ब्लडप्रेशरने हळूहळू खाल्ल्यात किडन्या. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. मीठ कमी. प्रोटीन बेताने. पोटॅशियमवर लक्ष ठेवा. डाएटचा कागद बाहेर मिळेल."

तो कागद इंग्रजी होता, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर झुकिनी होती, ॲस्परॅगस होतं, ब्लूबेरी होती. बोंबील नव्हता, सुकट नव्हती, वाल नव्हते, तांदळाची भाकरी नव्हती. माझ्या घरात शिजणारा एकही पदार्थ त्या कागदावर नव्हता.

घरी आलो तेव्हा प्रमिला पापलेट साफ करत होती. मी म्हटलं, "किडनीचं काहीतरी निघालंय."

"काय तरी मंजे?"

"खाण्यापिण्याचं सांभाळायला सांगितलंय."

"मंग काय बनवायचं ते सांगा. मी तसं करीन."

तिचा प्रश्न अगदी सरळ होता. मी कागद कपाटात टाकला आणि म्हणालो, "बघू."

फोन सांगेल

उत्तर पंधरा दिवसांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मिळालं. एचआरच्या मॅडम आल्या. कामगारांच्या तब्येतीसाठी कंपनीने एक ॲप घेतलं होतं. ताटाचा फोटो काढायचा, कृत्रिम बुद्धिमत्ता पदार्थ ओळखणार, आणि त्यात किती उष्मांक, किती प्रोटीन, किती मीठ हे दोन सेकंदांत सांगणार. प्रत्येक ताटाला शंभरपैकी गुण. मॅडमनी कॅन्टीनच्या थाळीचा फोटो काढून दाखवला. भात, डाळ, चपाती, बटाट्याची भाजी, सगळं बरोबर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नोंदणी करताना आजार विचारले होते. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, जास्त वजन. मी रक्तदाबावर खूण केली. किडनीचा रकाना नव्हता. खाली 'इतर' म्हणून एक रिकामी ओळ होती, तिथे मी लिहिलं, 'किडनीचा आजार'. ती ओळ कुणी वाचली, वाचली की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी घरात हसू झालं. तांदळाच्या भाकरीला ॲप नान म्हणालं. वालाच्या बिरड्याला राजमा. शेवळाच्या, म्हणजे पावसाळी रानभाजीच्या, ताटापुढे ते बराच वेळ फिरत राहिलं आणि मग त्याने 'पदार्थ ओळखता आला नाही' असं कबूल केलं. सुकटीच्या चटणीला त्याने ग्रॅनोला ठरवलं. श्वेता हसता हसता खाली बसली.

"ग्रॅनोला मंजे काय गो?" प्रमिलाने विचारलं.

"ओट्सचा चिवडा असतो गं, साहेबलोक सकाळी खातात."

"साहेबलोकांना सांग, या एकदा आमच्याकडं."

हसणं आठवडाभर टिकलं. मग मला गुणांचा नाद लागला. आकड्यांवर माझा चोवीस वर्षं पोटापाण्याचा विश्वास होता. ताट वाढलं की मी फोन काढायचो, उजेड नीट नसला तर ताट उचलून खिडकीपाशी न्यायचो. प्रमिला वाढून थांबलेली असायची.

"अवो, जेवण थंड होतंय. फोटो कसले काडता?"

"दोन मिनिटं थांब."

सुरुवातीला मी चुका दुरुस्त करत होतो. पण सुकट हे नाव त्याच्या यादीतच नव्हतं. जवळचं म्हणून त्याने 'ग्रिल्ड फिश' सुचवलं. मी ते निवडलं, आणि गुण एकदम वर गेले, कारण भाजलेल्या ताज्या माशात मीठ कितीसं असणार! मला माहीत होतं की सुकटीत मीठ ठासून भरलेलं असतं. तरी मी दुसऱ्या दिवशीही तेच निवडलं. चांगला आकडा यावा म्हणून चुकीचं नाव. लॅबमध्ये हे केलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

प्रमिलाने ते पाहिलं. खारवलेल्या माशांत वाढलेली बाई ती. म्हणाली, "सुकट खारट हाय. तो फोन काय चाखून बघतो काय? मीठ डोळ्याला दिसत नाय, जिभेला कळतं."

मी म्हणालो, "तुझ्या जिभेपेक्षा मशीन बरं."

हे वाक्य मी उच्चारलं. आजारपणाच्या हकिकतीत लोक आपली अशी वाक्यं वगळतात. मी वगळणार नाही. तिने सुकट आणि सुके बोंबील स्वतःहूनच घरात आणायचे बंद केले, मला न विचारता, न सांगता. मला वाटलं, ॲपमुळे बंद झाले.

नवं मीठ

फोनने आता सल्ले द्यायला सुरुवात केली होती. 'तुमच्या रक्तदाबासाठी पोटॅशियमयुक्त पदार्थ वाढवा.' केळी, टोमॅटो, रताळं, शहाळ्याचं पाणी. आमच्या भागात शहाळ्यांना काय तोटा? मी रोज एक घेऊ लागलो. पुढचा सल्ला आला: 'तुमच्या आहारात मीठ जास्त असू शकतं. कमी सोडियमचं मीठ वापरून पाहा.' मी बोईसरहून ते मीठ आणलं आणि प्रमिलाला बजावलं, यापुढे माझ्या जेवणात हेच.

तिने बोटावर घेऊन चाखलं. तोंड वाकडं केलं. "याला मिठाची चव नाय. मागून कडू लागतंय."

"औषध कडूच असतं."

चव लागत नव्हती म्हणून मी वरून आणखी घेत होतो. हरकत काय, कमी सोडियमचंच तर आहे! गुण नव्वदच्या खाली येईनात. रक्तदाबही खरोखर उतरला. लॅबमध्ये मी चारचौघांना फोन दाखवत फिरलो. मला बरं वाटत होतं, हे इथे मुद्दाम लिहितो. वाईट वाटत असतं तर कदाचित लवकर थांबलो असतो.

कोसळलो तो दिवस

सकाळी जिना चढताना पाय माझे राहिले नाहीत. दुखत नव्हते, फक्त उचलत नव्हते. ओठांभोवती मुंग्या आल्या. मला वाटलं, झोप कमी झाली. लॅबमध्ये जाऊन पीएच मीटर लावायला घेतला आणि हातातली बाटली सुटली. शेजारच्या टेबलावर मिश्रा होता. तो धावत आला.

"संखे साहब, बैठ जाइए. आपका मुँह सफेद पड़ गया है."

त्याने माझी नाडी धरली आणि धरून ठेवली. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ठोके तो मोजत नाही, ठोक्यांची वाट बघतो आहे.

कारखान्याच्या गाडीतून मला बोईसरच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. छातीवर वायरी लावल्या. ईसीजीचा कागद बाहेर आला तसा तरुण डॉक्टर अक्षरशः पळत सुटला. मग हातात इंजेक्शनं, मानेत जाडजूड नळी, आणि एक मशीन. पोटॅशियम माझ्या किडन्यांना बाहेर टाकता येत नव्हतं, आणि रक्तात ते इतकं चढलं होतं की हृदय कधीही बंद पडलं असतं. मला यातलं फार आठवत नाही. छताला लावलेल्या पंख्याच्या एका पात्यावर चिकटपट्टी होती, तेवढं आठवतं.

खाटेवरून ऐकलेलं

डायलिसिस होऊन मी आयसीयूत पडलो होतो तेव्हा माझा मोठा भाऊ आला. दादा मनाने चांगला आहे, पण घाबरला की ओरडतो. काचेच्या दाराशी प्रमिला उभी होती. दादाने तिलाच धरलं.

"काय खायला घालत होतीस त्याला? डॉक्टर म्हणतात, खाण्यातून झालंय. दोन महिन्यांत माणूस असा होतो?"

माझ्या तोंडावर मास्क होता, पण मी शुद्धीवर होतो. मास्क सरकवून दोन शब्द बोलता आले असते. 'तिने नाही. मी.' एवढंच पुरलं असतं. मी बोललो नाही. थकलो होतो, हे खरं. पण दुसऱ्या कुणावर तरी ढकललं जातंय याचं त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

उशाशी ठेवलेला फोन वाजला. श्वेताने उचलून पाहिला आणि तिचा चेहरा लाल झाला. ॲपचा निरोप होता: 'आज जेवणाचा फोटो काढला नाहीत? तुमची सलग दिवसांची मालिका तुटेल!' तिने फोन बंद करून पर्समध्ये कोंबला.

पाकीट

तिसऱ्या दिवशी किडनीचे डॉक्टर आले. या वेळी खुर्ची ओढून बसले. काय काय खाता, ते विचारत गेले. केळी, शहाळी, टोमॅटो. त्यांचा चेहरा उतरत गेला. मग विचारलं, "मीठ कोणतं वापरता?"

प्रमिला म्हणाली, "ते नवीन. ह्यांनीच आणलं. फोननं सांगितलं मंतात."

"पाकीट आणता येईल?"

ती दुपारी घरी जाऊन घेऊन आली. अर्धं रिकामं होतं. डॉक्टरांनी ते हातात फिरवलं आणि पाकिटाची मागची बाजू माझ्यासमोर धरली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पोटॅशियम क्लोराइड. त्याच्याखाली आणखी बारीक अक्षरांत, किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मी केमिस्ट आहे. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ज्या द्रावणात बुडवून ठेवतात, ते याच क्षाराचं. चोवीस वर्षं मी ते स्वतःच्या हाताने भरलं होतं. आणि हे पाकीट विकत घेतलं त्या दिवशी मी मागची बाजू वाचलीही होती. सोडियम किती कमी आहे, ते बघायला.

"तुम्हाला पोटॅशियमवर लक्ष ठेवा म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणालात."

"नीट समजावून सांगायला हवं होतं." त्यांनी पाकीट उशाशी ठेवलं. "वेळ नव्हता."

निदान ते एवढं तरी बोलले. पुढे कुणीही एवढंही बोललं नाही.

रोजी सिस्टर

त्या हॉस्पिटलातली एकच गोष्ट मला गोड आठवते. डायलिसिसच्या खोलीत वसईच्या रोजी सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, करड्या आवाजाच्या. मशीन लावलं की चार तास मी हलू शकत नसे. दुसऱ्या खेपेला त्यांनी प्रमिलाला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "सकाळपासून काय काय रांधतेस, ते सांग बघू. आमटीला काय घालतेस तिथपासून."

प्रमिला बोलू लागली. आधी चाचरत, मग नीट. सिस्टर एकेका पदार्थाला थांबवत गेल्या. बटाटा, रताळं, पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत घालायची, उकळायची, पाणी फेकून द्यायचं. वालाचं बिरडं सणाला, तेही दोन चमचे. सुकी मासळी नाही म्हणजे नाही. ओली मासळी चालेल, तळहाताएवढा नव्हे, दोन बोटांएवढा तुकडा. नारळाचं पाणी विसरा.

"कालवणात चिंच चालंल?"

"थोडी चालेल. टोमॅटो नको. मिठाऐवजी लिंबू पिळ, आलं घाल, मिरी घाल."

"मग चव येल."

"येईल ना. हात तुझाच आहे की."

तासाभरात बाईने माझं सगळं स्वयंपाकघर उलगडून परत लावून दिलं. ना फोटो, ना आकडे. मी मानेत नळी घेऊन पडल्या पडल्या ऐकत होतो आणि मला संताप येत होता. हा एक तास दोन महिन्यांपूर्वी का मिळाला नाही? कारखान्याला ॲप विकत घेता आलं. आठवड्यातून एकदा अशी एक बाई आणून बसवता आली नाही?

मॅडम म्हणाल्या

महिन्याने मी एचआरच्या मॅडमना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. म्हटलं, "निदान किडनीचा एक रकाना घाला. ज्याने तो भरला, त्याला सल्ले देणं बंद करा. एवढंच."

त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "सर, ॲप सल्ला देत नाही, माहिती देतं. नोंदणी करताना तुम्ही अटी मान्य केल्यात. त्यात लिहिलंय, डॉक्टरांना विचारून वापरा."

"मी 'इतर'मध्ये लिहिलं होतं."

"ते फक्त नोंदीसाठी असतं, सर."

वैद्यकीय कारणाने मला शिफ्टमधून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. वर्षभरात नोकरी सोडली. ॲप अजून चालू आहे. मिश्रा सांगतो, आता ते भाकरी बरोबर ओळखतं.

किडन्यांनी पुढे दीड वर्ष कशीबशी साथ दिली, मग सोडली. आता आठवड्यातून दोनदा पालघरला डायलिसिस. मी डॉक्टरांना विचारलं, त्या प्रकारामुळे हे लवकर झालं का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. आज ना उद्या लागणारच होतं." तो उद्या किती लांब होता, ते कुणालाच ठाऊक नाही. मला रोज तोच हिशेब छळतो.

प्रमिला

घरी आल्यावर प्रमिलाने सिस्टरांचं सगळं तंतोतंत पाळलं. भाज्या भिजवल्या, पाणी फेकलं, मासळीचे तुकडे मोजून घातले. पण ती माझ्याबरोबर जेवायची बंद झाली. मला वाढायची आणि ओटीवर जाऊन बसायची. मी समजलो, दमते. कित्येक महिने मी स्वतःला तेच समजावलं.

एका दुपारी ती ताट ठेवून निघाली तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवशी दादा तुला बोलला, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

ती थांबली. वळली नाही. "मी काचेतून बगत होते. तुमचे डोळे उगडे होते."

एवढ्या महिन्यांत तिने हे एकदाही काढलं नव्हतं. 'माफ कर' हा शब्द फार छोटा वाटला, तरी तो म्हटला.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "दादांना सांगा. सगळ्या गावात झालंय, बायकोनं खायला घालून घालवला."

मी तिच्यासमोरच दादाला फोन लावला. सगळं सांगितलं: फोटो, खोटी नावं, केळी, मीठ, कडू लागतंय म्हणून ती म्हणाली होती तेही. दादा म्हणाला, "प्रमिलाला फोन दे." दोघं काय बोलले ते मी विचारलं नाही. त्या दिवशी ती माझ्याबरोबर जेवली. रोज जेवते, असं मी लिहिणार नाही. कधी जेवते, कधी ओटीवर जाते.

नवा माणूस

मागच्या महिन्यात डायलिसिसला शेजारच्या खाटेवर नवा माणूस आला. कोळगावचा, टेम्पो चालवणारा, चाळिशीचा. पहिलीच वेळ होती. हाताला सुई लागली तशी त्याने डोळे मिटून घेतले. तासाभराने धीर आला तेव्हा मोकळ्या हाताने फोन काढून माझ्याकडे वळवला. ताटाचा फोटो होता, खाली लांबलचक उत्तर.

"काका, हे बगा ना. फोटो टाकला की फोन सांगतो काय खायचं, काय नाय. माज्या पुतण्यानं घालून दिलंय. पण यात लिवलंय शहाळं चालंल, डॉक्टर मंतात नाय. कोनाचं खरं?"

"डॉक्टरांचं. शहाळं अजिबात नाही."

"मंग बाकीचं पन चुकलं असंल?"

"काही बरोबर असेल, काही चुकीचं. कुठलं कुठलं, ते त्याला कळत नाही आणि तुलाही कळणार नाही. जेवण कोण करतं तुझ्याकडे?"

"बायको."

"कुठे आहे?"

"बाहेर बाकड्यावर बसलीय. सकाळपासून."

त्याचे अजून अडीच तास बाकी होते, माझे दोन. मी तिथल्या सिस्टरांना हाक मारून एक स्टूल मागून घेतलं आणि ते दोन्ही खाटांच्या मध्ये ठेवायला सांगितलं.

"फोन खिशात टाक," मी त्याला म्हणालो. "आणि तिला आत बोलाव."